मोगऱ्याची किटली

किटलीच्या झाकणावर, धरायच्या बोंडाच्या मधोमध, सुईने टोचावं एवढं एक भोक असतं. त्या भोकावर बोट ठेवलं की तोटीतून पडणारी धार जागच्या जागी थांबते. बोट उचललं की पुन्हा सुरू होते. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलं, आणि हवेचा धडा आला की दरवर्षी घरून एक किटली टॉवेलात गुंडाळून वर्गात न्यायचो. पुस्तकातली आकृती मुलांना कधी फारशी पटली नाही. धार मात्र पटायची.

मी ओळीने एकेकाला बोलवायचो. घाई करू नकोस, बोट ओलं कर, आता ठेव. पस्तीस मुलं असली तर पस्तीस वेळा किटली भरायची. तास संपल्याची घंटा होऊन जायची आणि आमचं आपलं चाललेलंच. एकदा एका मुलीच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि म्हणालो, "फुटू दे. हवा कुठून आत जाते ते कळलं ना तुला?" ही हकिकत शाळेत पुढे बरीच वर्षं सांगितली जायची. सर कधी चिडत नाहीत, असं पालक एकमेकांना सांगायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

माझी मुलगी माझ्या शाळेत नव्हती. बापाने स्वतःच्या पोरीचे पेपर तपासू नयेत म्हणून आम्ही तिला दोन रस्ते पलीकडच्या शाळेत घातलं होतं.

किटल्यांचं वेड मला लावलं घड्याळजींनी. चौकातल्या अरुंद दुकानात ते घड्याळं दुरुस्त करत, आणि डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच एका हाताने चहा ओतत. त्यांची किटली चीनमधून आलेली होती. चिनी मातीची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या चकचकीत कपबश्या येतात. ही तशी नव्हती. जांभळट तपकिरी, बिनझिलईची, मुठीत मावेल एवढी. घड्याळजींनी मला सांगितलं, की ही चाकावर फिरवून केलेली नाही. मातीची पाती थापून, जोडून, लाकडी थापीने हलके ठोकत ठोकत हाताने गोल केलेली आहे. प्रत्येक किटलीचं झाकण तिच्याबरोबरच घडवतात; ते दुसरीला बसत नाही. आणि झिलई नसल्यामुळे माती चहा पिते. म्हणून एका किटलीत जन्मभर एकाच जातीचा चहा करायचा. साबण लावायचा नाही. गरम पाण्याने विसळायची, फडक्याने पुसायची. अशी आठदहा वर्षं गेली की तिच्या अंगावर एक मऊ चकाकी येते, आणि नुसतं उकळतं पाणी ओतलं तरी त्या चहाचा वास येतो.

मास्तर माणूस, नियम असलेली गोष्ट मला आवडलीच. पहिली किटली त्यांच्याकडून घेतली आणि मग मी थांबलो नाही. हिरव्या चहाची वेगळी, भाजलेल्या चहाची वेगळी, जुन्या मुरवलेल्या चहाची वेगळी. दर किटलीखाली चिठ्ठी चिकटवलेली. बायको म्हणायची, आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा किटल्यांची बडदास्त जास्त. घड्याळजी तर तोंडावरच म्हणायचे, "मास्तर, माणसाला तोंड एक आणि किटल्या एक्केचाळीस. हिशेबात चुकताय कुठेतरी."

बायको गेली त्याला पाच वर्षं झाली. गुडघ्यांनी जिना नको म्हणायला सुरुवात केली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जायचं ठरलं. तिथे एकच फळी होती. किटल्या घड्याळजी नेणार होते आणि ज्यांना रोज चहा करायचा आहे अशांना एकेक देणार होते. कपाटात ठेवून बघत बसणाऱ्याला द्यायची नाही, एवढी एकच अट मी घातली. त्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, कारण माझ्या एक्केचाळीसपैकी पंचवीस-तीस तरी मी स्वतःच कपाटात ठेवून बघत बसलो होतो.

चाळीस त्यांना. एक मी बाजूला काढली. ती मला माझ्या मुलीला द्यायची होती. रविवारी ती सामान बांधायला येणार होती, आणि ती किटली घेते की नाही, एवढी एकच गोष्ट त्या रविवारी माझ्या मनात होती. घर सोडण्याचं दुःख वगैरे मला आठवतसुद्धा नव्हतं.

त्याचं कारण सांगायचं तर चौतीस वर्षं मागे जावं लागेल.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आम्ही तिला ठमी म्हणायचो, कारण चालायला लागल्यापासून ती ठमकत, पाय आपटत चालायची. शनिवारची दुपार होती. मी खिडकीशी बसून वह्या तपासत होतो. ठमी स्वयंपाकघरातून आली, हातात थाळी, थाळीत पेला आणि माझी भाजलेल्या चहाची किटली. ती अजिबात पाय न आपटता, एकेक पाऊल टाकत येत होती. थाळी माझ्यापर्यंत पोचायच्या आतच मला वास आला. मोगऱ्याचा. तिच्या आईला कोणीतरी मोगऱ्याच्या फुलांत मुरवलेल्या चहाचा डबा दिला होता, त्यातला चहा तिने माझ्या किटलीत केला होता.

त्या किटलीत मी सात वर्षं दुसरा कुठलाही चहा केला नव्हता.

मी ओरडलो नाही. आयुष्यभर माझी अशी आठवण होती, की मी तिला जवळ बसवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. किटलीला असं करून चालत नाही, का चालत नाही, आणि पुढच्या वेळी आधी विचारायचं. नंतर वास जावा म्हणून किटली साध्या पाण्यात उकळली. त्यात चुकीचं काही नव्हतं, असंच मला वाटायचं. फक्त त्यानंतर ठमी त्या कपाटाकडे कधी फिरकली नाही. तिच्या आईने एकदा मला म्हटलं होतं, की अहो, ती तुमच्यासाठी करत होती. मी म्हटलं, मला कळतं ते, मी कुठे रागावलोय?

किटलीचा वास काही गेला नाही. भाजलेला चहा केला की मागून मोगरा यायचा. दोन वर्षं ती तशीच मागे पडून होती. मग एका दुपारी मी बाजारातून मोगऱ्याचा चहा आणला आणि तिच्यात टाकला. तेव्हापासून रोज दुपारी तोच. कपाटातल्या ज्या थोड्या किटल्या मी खरोखर वापरल्या, त्यांत सगळ्यांत जास्त ही. ठमी तेव्हा अकरा वर्षांची होती, शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायची. तिला हाक मारून सांगायला काय लागत होतं? पण मी सांगितलं नाही. पुढे ती शिकायला बाहेरगावी गेली, नोकरीला लागली. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. मी पत्रं लिहायचो, नंतर फोन करायचो. दर वेळी सांगेन म्हणायचो आणि हवापाण्यावर यायचो.

रविवारी ती सकाळीच आली, सोबत तिची सात वर्षांची मुलगी. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, का ते तिला दोन मिनिटं पाहिलं की कळतं. ठमीने आल्याआल्या बाह्या सारल्या, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेतला आणि बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून किटल्या गुंडाळायला सुरुवात केली. झाकण वेगळं, किटली वेगळी, दोन्हीवर एकच आकडा. मी सांगितलं नव्हतं तरी तिला ते ठाऊक होतं. कपाटाकडे न फिरकताही तिने सगळं पाहिलेलं होतं.

मी स्वयंपाकघरात मोगऱ्याचा चहा करायला घेतला. किटली ओट्याशेजारच्या टेबलावर होती. भिंगरी खुर्चीवर चढली, हनुवटी टेबलाला टेकवून किटलीकडे बघत राहिली आणि मग तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस. ते आजोबांचं आहे. आधी विचारायचं."

ठमी दारात उभी होती, हातात अर्धी गुंडाळलेली किटली. तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. सपाट, शांत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. तो माझा आवाज होता. शब्दसुद्धा माझेच होते. भिंगरीने हात मागे घेतला आणि पाठीशी लपवला, दोन्ही हात, एकात एक घालून. तसे पाठीशी लपवलेले हात मी पूर्वी एकदा पाहिले होते, त्याच स्वयंपाकघरात.

मी म्हटलं, "लावू दे तिला."

"बाबा, फुटेल."

"फुटू दे."

ठमीने हातातली किटली टेबलावर ठेवली. मग हसली, पण ते हसू काही मला बघून आलेलं नव्हतं.

"हे तुम्ही म्हणता हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या वर्गात त्या मुलीच्या हातून झाकण फुटलं होतं ना? तिची मोठी बहीण माझ्या वर्गात होती. सगळ्यांना सांगत होती. सर म्हणाले, फुटू दे. मग मला म्हणाली, तुझी काय मज्जा, तुझ्या घरी तर हे रोजच चालत असेल."

मी विचारलं, हे कधी? ती म्हणाली, त्याच वर्षी. मोगऱ्यानंतर दोन महिन्यांनी.

मला तारखा कधी जोडून पाहाव्याशा वाटल्या नव्हत्या. त्या आत्ता आपोआप जोडल्या गेल्या. पोटच्या पोरीला जे म्हणायला हवं होतं, ते मी दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या मुलीला म्हणून मोकळा झालो होतो, आणि वर त्याचं कौतुक करून घेतलं होतं.

"मी तुला तेव्हा समजावून सांगितलं होतं," मी म्हटलं. म्हणताना मलाच ते लंगडं वाटलं.

"दुसऱ्या दिवशी. मातीत बारीक छिद्रं असतात वगैरे. छान सांगितलंत, अजून लक्षात आहे." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या हातातली थाळी घेतली, चहा मोरीत ओतला आणि किटली पातेल्यात उकळत ठेवली. पाणी टाकून दिलंत, पुन्हा नवं ठेवलंत. पुन्हा टाकलंत. मी तिथे, त्या दारात उभी होते. अकरा वेळा. मी मोजत होते. ओरडला असतात ना बाबा, तर मी रडले असते आणि संपलं असतं."

भिंगरी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, तू आईवर चिडला होतास?" मला तुम्ही म्हणायचं असतं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि मीही शिकवणार नाही. मी म्हटलं, "चिडलो नव्हतो, असं मला वाटत होतं. पण चिडलो होतो."

मग मी किटलीतलं पाणी ओतून टाकलं. चहा अजून घातलेला नव्हता, किटली तापवायला ओतलेलं नुसतंच पाणी होतं. झाकण काढून रिकामी गरम किटली ठमीपुढे धरली. तिने नाक जवळ नेलं आणि तशीच थांबली. पाण्यातला बारीकसारीक वास ओळखण्यावर तिची नोकरी चालते; तिला काही सांगावं लागलं नाही.

"ही तीच?"

मी मान हलवली. सांगितलं, की बत्तीस वर्षं हिच्यात मोगऱ्याशिवाय काही केलेलं नाही. रोज दुपारी. ती शेजारच्या खोलीत अभ्यास करायची तेव्हाही, ती गेल्यावरही, तिची आई आजारी होती तेव्हाही. तिने किटली हातात घेतली नाही. माझ्या हातातच राहू दिली.

"मग सांगितलं का नाहीत?"

वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचो, की उत्तर येत नसेल तर काहीतरी ठोकून देऊ नये, येत नाही म्हणावं, त्यात लाज नाही. मी म्हटलं, "येत नाही मला याचं उत्तर." पण लाज वाटलीच.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. घड्याळजी पुतण्याची गाडी घेऊन आले होते. ऐंशी वर्षांचा माणूस तीन मजले चढून आला, दारात धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, मास्तर, जरा खाली राहणारं वेड लागलं असतं तर आमचे पाय वाचले असते. चाळीस किटल्या भुशाने भरलेल्या खोक्यांत गेल्या. एकेक खोकं जाताना मला काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. माझं सगळं लक्ष टेबलाकडे होतं. घड्याळजींनी टेबलावरच्या किटलीकडे भुवई उडवली, मी नको अशी मान हलवली, आणि शहाणा माणूस असल्याने ते काही न विचारता जिना उतरले.

खोल्या मोकळ्या झाल्यावर मी भिंगरीला बोलावलं. किटलीत गार पाणी भरलं, समोर पातेलं ठेवलं.

"घाई करू नकोस," मी म्हटलं. "बोट ओलं कर. धार पडू दे आधी. आता ठेव बोट."

धार थांबली. भिंगरीने बोट उचललं, धार पडली. ठेवलं, थांबली. तिने मला विचारलं, की बोटाला कळतं का. मी म्हटलं, बोटाला नाही, हवेला कळतं, आणि पाणी बाहेर पडायचं तर त्याच्या जागी हवा आत यावी लागते हे तिला सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती, तिचं चाललं होतं, आणि ते मला ऐकण्यापेक्षा बरं वाटलं. पाचसहा वेळा किटली भरली. टेबल, फ्रॉक, जमीन, सगळं ओलं झालं. मग तिने किटली आईपुढे धरली. "आई, तू कर."

ठमीने हात पुसले, कोरडेच होते तरी. किटली घेतली. पहिल्यांदा बोट नीट बसलं नाही आणि पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. भिंगरी म्हणाली, "बोट ओलं कर ना, आजोबा सांगतोय ते ऐक." दुसऱ्यांदा धार थांबली. ठमीने बोट काढलं नाही. किटली तशीच तिरकी, तोटीच्या टोकाशी एक थेंब. माझ्या वर्गातल्या पोरांनी हे सातव्या-आठव्या वर्षी केलं होतं. माझी मुलगी त्रेचाळीस वर्षांची होती.

मग तिने बोट उचललं, उरलेलं पाणी पातेल्यात पडू दिलं आणि किटली खाली ठेवली.

मी म्हटलं, "ही तू ने. तुझ्यासाठी ठेवली आहे."

"नको, बाबा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, की रागाने नाही म्हणत. मग म्हणाली, "मी घरी नेली तर मी हिला हात लावू देणार नाही. मला माहीत आहे मी कशी आहे ते. उंच फळीवर ठेवीन, रोज पुसेन, आणि भिंगरी जवळ आली की सकाळी बोलले तसं बोलेन. तुमच्याकडे राहू दे. इथे तरी फुटू दे तिला."

एवढं बोलून ती बांधाबांधीतला उरलेला सुताचा दोरा शोधायला लागली. दोऱ्याचं एक टोक तिने झाकणाच्या बोंडाला बांधलं, दुसरं किटलीच्या मुठीला, मध्ये झाकण उघडता येईल एवढी ढील ठेवून. गाठ पक्की आहे का ते दोनदा ओढून पाहिलं.

आता ती किटली खालच्या घरातल्या एकुलत्या फळीवर असते. म्हणजे असायला हवी. बहुतेक वेळा टेबलावरच असते. महिन्यातून एका रविवारी दोघी येतात. भिंगरी पाणी भरते, चहा घालते, प्रमाण चुकवते, आणि ओतताना दर खेपेला मध्येच धार थांबवून आम्हाला ताटकळत ठेवते. दोरा चहाने पार तपकिरी झाला आहे. तोटीचा एक टवका उडालेला आहे, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

ठमी समोर बसून चहा पिते. चांगला झालाय म्हणते. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून मी दर वेळी किटली तिच्या बाजूला सरकवून पाहतो. ती पेला पुढे करते; किटली उचलत नाही.